घड्याळजींच्या मांजरीचं पथ्य

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणताना संपादकांनी मला दोन गोष्टी बजावल्या. अनुभव थरारक हवा आणि जनावर मोठं हवं. मी बत्तीस वर्षं सरकारी जनावरांचा डॉक्टर होतो. कंधार, देगलूर, अर्धापूर असं करत करत शेवटची काही वर्षं लातूर जिल्ह्यात काढली. त्यामुळे मोठ्या जनावरांचा माझ्याकडे तोटा नाही. बाजारात सुटलेला वळू आहे, अडलेल्या म्हशी आहेत, तारेचा तुकडा गिळलेली गाय आहे. पण हे सगळं मी लग्नकार्यांत इतक्यांदा सांगितलंय, की माझी बायको सुमन पुढचं वाक्य माझ्याआधी म्हणते. शिवाय त्या सगळ्या गोष्टींत मीच शहाणा ठरतो. म्हणून इथे मी एका साडेतीन किलोच्या मांजरीबद्दल लिहिणार आहे. तिच्यापायी नांदेडच्या एका अख्ख्या गल्लीनं अडीच महिने एकमेकांवर पाळत ठेवली, आणि त्यात सगळ्यात मोठा गाढव मी निघालो.

निवृत्तीनंतर नांदेडला राहत्या घराच्या पुढच्या खोलीत मी दवाखाना थाटला. वाटलं होतं, म्हशी येतील. पण म्हशी कधीच शहराबाहेर गेल्या होत्या आणि यायला लागली मांजरं. पहिलं मांजर मी वासरासारखं कवेत धरलं. त्याची सही माझ्या मनगटावर अजून आहे. म्हशीला औषध द्यायचं तर मान वर करायची, नळा तोंडात घालायचा आणि ओतायचं. म्हशीला तिचं मत कुणी विचारत नाही. मांजराला मत असतं आणि ते नखांनी कळवतं. साठीत मी पुन्हा पुस्तकं उघडली, चष्मा लावून तरुण डॉक्टरांची व्याख्यानं मोबाइलवर ऐकली आणि हळूहळू त्या भागात ‘मांजराचे डॉक्टर’ झालो. जुने सहकारी हसले. त्यांच्याकडे आता कुणीच येत नाही, त्यामुळे त्यांना हसायला वेळ आहे.

मुख्तारभाई आले ते वेताची टोपली घेऊन. इतवारा भागातल्या एका गल्लीत त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. वय सत्तर. नजर कमी झाली तसं दुकान बंद केलं होतं, पण उजव्या डोळ्याची पापणी अजून भिंग लावल्यासारखी अर्धी मिटलेली असायची. टोपलीत चाबी होती. भुऱ्या रंगाची, नऊ वर्षांची, गावठी मांजरी. पिल्लू असताना ती घड्याळांच्या चाव्यांच्या खणात झोपायची म्हणून मुख्तारभाईंच्या बायकोनं तिचं नाव चाबी ठेवलं. ती बायको पाच वर्षांपूर्वी वारली होती.

चाबीच्या मानेवरचे आणि कानांपुढचे केस गेले होते. कातडी लाल, जागोजागी खपल्या.

“डाक्टरसाब, खाजवूनच राहिली हो,” मुख्तारभाई म्हणाले. “परवा एकशे बारा येळा. काल एकशे चार.”

“तुम्ही मोजता?”

“मंग? घड्याळवाल्याला दुसरं काय येतंय?”

मग त्यांनी खरी अडचण सांगितली. त्यांची मुलगी नसरीन लातूरला शाळेत शिक्षिका आहे. अब्बांनी आता एकटं राहू नये, दिवाळीच्या सुट्टीत येते आणि घेऊन जाते, असं तिनं ठरवलं होतं. पण तिच्या घरात दीड वर्षाचं बाळ होतं, आणि हे असलं केस गेलेलं, खपल्या धरलेलं मांजर ती घरात घेणार नव्हती. मांजर गल्लीतच सोडून यायचं, गल्ली सांभाळेल, असं तिचं म्हणणं.

“चाबी न्हाई तर मी बी न्हाई,” मुख्तारभाई म्हणाले. “अन् मी न्हाई गेलो तर पोरगी बोलायची न्हाई. आता तुमी काय ते बघा.”

दिवाळी तीन महिन्यांवर होती.

आता जरा धंद्यातलं सांगतो. मांजर खाजवतं म्हटलं की आधी पिसवा बघायच्या. बारीक कंगव्यानं केस विंचरून पाहिले, काही नाही. तरी मानेवर पिसवांच्या औषधाचे थेंब सोडले. मग खरूज बघायची. पात्यानं कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तिथेही काही नाही. बुरशी नाही. एवढं सगळं नाही आल्यावर आणि खाज डोकं-मान-कान एवढ्याच जागी, बारा महिने, म्हटल्यावर संशय खाण्यावर जातो. लोकांना वाटतं, काहीतरी नवीन खाल्लं म्हणून ॲलर्जी झाली. बहुतेकदा उलट असतं. वर्षानुवर्षं जे खाल्लं तेच एक दिवस अंगाला परकं वाटायला लागतं. गोमांस-म्हशीचं मांस, मासे, कोंबडी, कधी दूध. गुन्हेगार बहुधा यांतलाच असतो. लोक मला विचारतात, रक्त तपासून कळत नाही का? खात्रीनं कळत नाही. कळायचा मार्ग एकच. मांजरानं आयुष्यात कधी न खाल्लेलं एकच मांस घ्यायचं आणि आठ आठवडे तेच द्यायचं. बाकी काही म्हणजे काहीही नाही. खाज थांबली तर जुनं खाणं पुन्हा देऊन बघायचं. पुन्हा खाजलं की गुन्हा शाबीत.

“तर मुख्तारभाई, हिनं आजवर काय काय खाल्लंय ते सांगा.”

मुख्तारभाईंनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. मटण, कोंबडी, अंडं. बटेर पक्षीसुद्धा, भाच्यानं आणला होता. नसरीन लातूरहून पाठवायची ते मासळीच्या चवीचे तयार दाणे, गेली सहा वर्षं रोज. गोदावरीचा मासा. दूध, दही, खवा. ईदचा शीरखुर्मा. वरच्या मजल्यावरच्या मारवाडी कुटुंबाकडची कढी. अर्धापूरची केळी.

“केळं? मांजरीनं?”

“साल सोलून द्यावं लागतंय.”

“मुख्तारभाई, हिनं काय खाल्लं नाही ते सांगा. ती यादी लहान असेल.”

बराच वेळ विचार करून ते म्हणाले, “बदक न्हाई खाल्लं.”

बदक नांदेडला कुठे मिळणार? पण देगलूरला नोकरीत असताना तळ्याकाठचा एक बदकवाला मला माहीत होता, राजन्ना नावाचा. तिकडे तेलंगण हाकेच्या अंतरावर, त्यामुळे त्याचं मराठी निम्मं तेलुगू. त्याला फोन लावला. दर आठवड्याला एक बदक साफ करून, बर्फात घालून एसटीनं पाठव म्हटलं.

“बातु?” तो म्हणाला. “दर हप्त्याला? घरात कुणाला डोहाळे लागले का सायेब?”

“मांजराला पाहिजे.”

तो अगदी हळू म्हणाला, “सायेब, तब्येत बरी हाय न्हवं तुमची?”

तर बदकाची सोय झाली. मांस, काळीज, हृदय, सगळं उकडून, बिनमिठाचं, बिनतेलाचं, सोबत बिनवासाची जीवनसत्त्वाची पूड. अवघड भाग पुढे होता. पुण्या-मुंबईकडे मांजर फ्लॅटमध्ये असतं, दार लावलं की प्रयोग सुरू. इथे चाबीला घर मुख्तारभाईंचं होतं, पण ताट गल्लीचं. सकाळी एका उंबऱ्यावर, दुपारी दुसऱ्या. दारात आलेल्या मांजराला उपाशी परत पाठवणं त्या गल्लीत पाप समजतात. म्हणून मी बैठक बोलावली. मुख्तारभाईंच्या जुन्या दुकानाच्या फळीवर गल्लीतली वीस-बावीस माणसं जमली, आणि मी त्यांना अन्नाच्या ॲलर्जीवर व्याख्यान दिलं. लाळ्या-खुरकुतावर मी आयुष्यभर व्याख्यानं दिली, पण इतके एकाग्र श्रोते मला कधी मिळाले नव्हते.

“म्हंजे दारात आलेल्या मुक्या जिवाला हाकलायचं?” मागून एक बाई म्हणाल्या. “अल्ला काय म्हणंल?”

या बानूखाला. मुख्तारभाईंच्या बरोबर समोर राहायच्या. साठीच्या, विधवा, दोन्ही मुलं दुबईला. मुख्तारभाईंची बायको गेल्यापासून दर शुक्रवारी नमाजनंतर त्या बिर्याणीचं झाकलेलं ताट मुख्तारभाईंकडे पाठवायच्या, आणि ताटाच्या कडेला चाबीसाठी मटणाची एक बोटी निराळी ठेवलेली असायची.

“हाकलू नका, खाला. माया करा, पाठीवर हात फिरवा, पण तिच्या पोटात दुसरं काहीबी गेलं नाही पाहिजे. एक बोटी गेली तरी आठ आठवडे पाण्यात.”

त्या हात वर करून म्हणाल्या, “ठीक हाय. अल्लाची शपथ, मी न्हाई देणार.” बानूखालांनी शपथ घेतल्यावर बाकीच्यांना पळवाट उरली नाही. सगळ्यांनी घेतली. वरच्या मारवाडी वहिनींनी कढीची घेतली.

प्रयोग सुरू झाला. मुख्तारभाईंनी त्यासाठी शंभर पानी वही आणली. तिच्यात तारीख, वेळ मिनिटापर्यंत, कोणत्या पायानं खाजवलं आणि किती वेळ. “सकाळी ९.१७. मागचा डावा. अकरा सेकंद.” माझ्या नोकरीत असा एकही अहवाल मी पाहिला नाही, आणि लिहिला तर मुळीच नाही. दर गुरुवारी संध्याकाळी ते चाबीला टोपलीतून दवाखान्यात आणायचे. मी तिची कातडी बघायचो, वजन करायचो, वही चाळायचो.

पहिल्या दोन आठवड्यांत खाज निम्म्यावर आली. मी खूश होतो. पण तिसऱ्या आठवड्यापासून वहीत एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. सोमवार, मंगळवार, बुधवार खाज उतरत जायची. गुरुवारी दिवसा तर वीस-पंचवीस वेळा फक्त. आणि शुक्रवारी एकदम ऐंशी! शनिवारीही तसंच. मग पुन्हा उतार. चौथ्या आठवड्यात तेच. पाचव्यात तेच.

“हर जुम्मे को,” मुख्तारभाई वहीवर बोट ठेवून म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

मी वहीकडे पाहिलं आणि मला सगळं लख्ख दिसलं. म्हणजे असं मला वाटलं. शुक्रवार म्हणजे बिर्याणी. बिर्याणी म्हणजे बानूखाला.

इथे माझं चुकलं ते चुकलंच, पण कसं चुकलं ते सांगतो. मी त्यांना एकांतात विचारायला हवं होतं. मी गल्लीत उभा राहून, चार माणसांसमोर, वही हातात धरून विचारलं. जनावराच्या मालकाला खडसावायची मला सरकारी सवय. “खाला, शुक्रवारी तुम्ही हिला काही देता का?”

“न्हाई.”

“एखादी बोटी? चुकून? ताटातून पडली असेल?”

“डॉक्टरसाब, मी शपथ घेतली हाय.”

“शपथ सगळ्यांनीच घेतली, खाला. पण मांजर शुक्रवारीच खाजवून राहिलं.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मुख्तारभाईंकडे बघितलं. मुख्तारभाई वहीत बघत होते. त्या आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. त्या शुक्रवारी मुख्तारभाईंकडे ताट आलं नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा.

आणि तरीही शुक्रवारी खाज वाढली.

पुढचे दोन आठवडे त्या गल्लीत जे झालं त्याला मी जबाबदार आहे. शुक्रवारी दुपारी दोन माणसं पहाऱ्याला बसायला लागली. एकानं शोध लावला की कावळा हाडूक आणून टाकतो, म्हणून गच्चीवर बुजगावणं उभं राहिलं. दुसऱ्याला संशय, की बिर्याणीच्या नुसत्या वासानंच खाजतं. तेव्हा शुक्रवारी गल्लीत कुणी मटण शिजवू नये असा ठराव आला, आणि तो एका मताच्या फरकानं पडला. चाबीनं मान खाजवू नये म्हणून मुख्तारभाईंनी एका जुन्या भिंतीवरच्या घड्याळाची तबकडी कापून तिच्या गळ्यात गोल घातली. एक ते बारा आकडे शाबूत. ती गल्लीतून चालली की लोक थांबून बघायचे. ती सरळ बघत असली तर बारा वाजलेले असायचे.

हसू येतं आता. पण त्याच दिवसांत मुख्तारभाई आणि बानूखालांचं बोलणं बंद झालं. रस्ता आठ फुटांचा, दार दारासमोर. त्या झाडायला बाहेर आल्या की हे आत जायचे. “मला काय वाटतंय ते मी बोलत न्हाई, डाक्टरसाब,” ते मला म्हणाले. “पण वही खोटं बोलत न्हाई.” नसरीनचा लातूरहून फोन आला. “डॉक्टर, सुट्टी पंचवीस दिवसांवर आलीय. मांजर बरं होणार की नाही ते सांगा. मला अब्बांना तसं सांगावं लागेल.” मी तिला समजावलं की ॲलर्जी एकाची दुसऱ्याला लागत नाही, बाळाला काही होणार नाही. ती म्हणाली, “पटतं हो. पण सासूबाईंना ती कातडी दिसते, ॲलर्जी दिसत नाही.” तिचंही बरोबर होतं.

सातव्या गुरुवारी मुख्तारभाई आले. मी चाबीच्या गळ्यातलं घड्याळ उतरवलं आणि तिला वजनाच्या काट्यावर ठेवायला लागलो. सुमन चहा घेऊन दारात उभी होती. ती शाकाहारी घरातली. दवाखान्यात एरवी फिरकत नाही, वास येतो म्हणते.

मुख्तारभाई चहा पिऊन, टोपली घेऊन गेले. सुमन तिथेच उभी.

“अहो,” ती म्हणाली, “त्या मांजरीला बदकाशिवाय काही द्यायचं नाही ना?”

“नाही.”

“मग आत्ता तुम्ही तिला काय दिलंत?”

“कुठे काय दिलं? वजन केलं.”

“काट्यावर काय टाकलंत?”

मी काट्याकडे पाहिलं. ताटलीच्या मध्यभागी एक बारीक चंदेरी डोकं उरलं होतं.

मांजर काट्यावर स्थिर बसत नाही. ज्यानं मांजराचं वजन केलंय त्याला हे माहीत आहे. त्यावर मी माझी युक्ती काढली होती. मांडणीवर सुक्या मासळीची एक बरणी असते. चिमूटभर मासळी ताटलीत टाकायची, मांजर मान खाली घालून बसतं, तेवढ्यात आकडा वाचायचा. सगळ्या मांजरांना मी हेच करतो. माझ्या लेखी ते खाणं नव्हतंच, वजनाची रीत होती. सात आठवडे मी दुसऱ्यांच्या ताटातली शितं मोजली, बानूखालांना गल्लीत उभं करून बोटीचा हिशेब विचारला, आणि दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला स्वतःच्या हातानं तिला मासळी चारली. सहा वर्षं मासळीचे दाणे खाऊन जिला मासळीचीच ॲलर्जी झाली, तिला. गुरुवारी खाल्लं की शुक्रवारी खाज. वही खरंच खोटं बोलत नव्हती. सात वेळा जुनं खाणं देऊन सात वेळा गुन्हा शाबीत करणारा इतका काटेकोर प्रयोग मराठवाड्यात दुसरा झाला नसेल.

सुमन खुर्चीत बसून हसायला लागली. हसता हसता थांबली आणि म्हणाली, “आणि त्या बिचाऱ्या बाई?”

आता यापुढचं लिहायला मला लाज वाटते, पण संपादकांनी थरारक मागितलंय. मी कुणालाच काही सांगितलं नाही. बरणी माळ्यावर टाकली. पुढच्या गुरुवारी चाबीला मुख्तारभाईंच्या कडेवर देऊन दोघांचं वजन केलं आणि मुख्तारभाईंचं वजा केलं. त्या शुक्रवारी खाज वीसवर. पुढच्या शुक्रवारी सहा. मानेवर मऊ लव दिसायला लागली. तीन आठवड्यांत केस आले. मी स्वतःला सांगत होतो की बरं झालं ना मांजर, मग झालं. बत्तीस वर्षं ज्याला कुणी चूक म्हणालं नाही त्याला स्वतःहून चूक म्हणायची सवय नसते.

पण गल्लीनं स्वतःचा अर्थ लावलाच. पहारा बसला, भीती वाटली, म्हणून बानूखालांनी द्यायचं बंद केलं, आणि मांजर बरं झालं. सरळ हिशेब. कुणी तोंडावर बोललं नाही. किराणावाला त्यांना म्हणाला म्हणे, “खाला, चाबी बरी झाली बघा,” आणि हसला. त्यांनी सामान तसंच ठेवलं आणि परत गेल्या. मला हे मुख्तारभाईंनीच सांगितलं, अगदी सहज.

दिवाळीच्या सुट्टीत नसरीन टेम्पो घेऊन आली. चाबीला उलटसुलट करून बघितलं आणि तिला हसू आवरेना. गल्लीनं माझा सत्कार ठरवला. जुन्या दुकानाच्या फळीवर शाल, हार, आणि मुख्तारभाईंनी स्वतः दुरुस्त केलेलं एक टेबलावरचं घड्याळ. सगळे जमले होते. समोरचं एकच दार बंद होतं.

शाल अंगावर पडली आणि मला बोलायला सांगितलं. मी विचार करून आलो होतो, दोन शब्द आभाराचे. तोंड उघडलं आणि समोर ते दार दिसलं.

“बानूखालांनी काहीच दिलं नव्हतं,” मी म्हणालो. “मी देत होतो.”

आणि मग सगळं सांगितलं. बरणी, काटा, चिमूट. गुरुवार. तीन आठवडे गप्प बसलो तेही सांगितलं. आधी कुणाला कळेना, मग कुणीतरी फसकन हसलं आणि गप्प झालं. मुख्तारभाईंनी वही काढली. भिंग डोळ्याला लावून ते पानं उलटत राहिले. “गुरुवार, साडेसहा,” ते पुटपुटले. “साडेसहाला मी कधी लिहिलंच न्हाई काही. तुमच्याकडं होती म्हणून.” त्यांनी वही मिटली, माझ्याकडे न बघता रस्ता ओलांडला आणि समोरची कडी वाजवली. “बानूबी,” ते म्हणाले. सत्तर वर्षांचा माणूस बंद दारासमोर टोपी काढून उभा होता, आणि मी हार घालून.

बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं. बानूखाला त्यांच्याऐवजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, “उद्या जुम्मा हाय. जेवायला या तुमी. मुख्तारभाईला अन् पोरीला बी घेऊन या.”

दुसऱ्या दिवशी दस्तरखान अंथरला होता. मुख्तारभाईंसमोर बिर्याणी, नसरीनसमोर बिर्याणी, दह्याची चटणी, खुबानीचं, म्हणजे जर्दाळूचं, गोड. माझ्यासमोर झाकलेलं ताट. झाकण काढलं तर उकडलेल्या बदकाचे चार पांढरे तुकडे. मीठ नाही, तेल नाही, हळददेखील नाही. सकाळीच त्यांनी मुख्तारभाईंकडून मागवून घेतलं होतं. शेजारी बशीत चाबीचं, अगदी तसंच.

मी निमूट खायला लागलो. बिनमिठाचं बदक काय लागतं ते मांजरांनाच ठाऊक असावं, आणि आता मलाही. मुख्तारभाईंना राहवेना. त्यांनी चमचाभर बिर्याणी माझ्या ताटाकडे सरकवली. बानूखालांनी त्यांचा हात धरला आणि बाजूला केला. नसरीन ओढणीत तोंड लपवून हसत होती. मग मुख्तारभाई हसले, आणि शेवटी खालाही हसल्या, तोंड वळवून. मी शेवटचा तुकडा संपवला तेव्हा त्यांनी माझ्यासमोर बिर्याणी वाढली. रागही होता आणि जेवणही होतं, दोन्ही भरपूर.

दुपारी टेम्पो भरून झाला. चाबी टोपलीत होती, मान स्वच्छ, भुरे केस उन्हात चमकत होते. बानूखाला दारातून आल्या. बदकाचा एक उरलेला तुकडा त्यांच्या बोटांत होता. त्या टोपलीपर्यंत गेल्या, थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या.

“डॉक्टरसाब, हे मी माझ्या हातानं देऊ का?”

“मला काय विचारता, खाला. द्या की.”

“तसं न्हाई,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांसमोर हाव म्हणा. उद्या लातूरला तिला खाजलं, तर परत माझं नाव नको.”

मी सगळ्यांसमोर, मोठ्यानं, हो म्हणालो.